कंसातलं मराठी

घाई नसेल तर बसा. माझं बोलणं संथ आहे. मी वरून खाली एकेक ओळ चाचपत जाणारा, मधल्या ओळी गाळून पुढे उडी मारायची सवय मला नाही.

मी एक प्लगिन बोलतोय. कॉम्प्युटरवर लिहायला एडिटर असतो, म्हणजे पाटीच म्हणा. त्या पाटीला जगातल्या सगळ्या भाषा येत नाहीत. जी भाषा तिला येत नाही, तिची ओळख करून द्यायला एक लहानसा तुकडा जोडावा लागतो. तो तुकडा मी. माझ्या वाट्याला आली ती लोखंड-पितळ कापणाऱ्या मशीनची भाषा. कापणारं टूल इकडे ने, इतकं खाली उतर, वर ये, थांब. त्या भाषेत याहून जास्त काही बोलता येत नाही.

मी शिकलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. अर्थ मला कळत नाही, मी नुसता आकार ओळखतो. हुकूम दिसला की लाल रंग, आकडा दिसला की निळा, आणि गोल कंसात काही लिहिलेलं दिसलं की हिरवा. कंसाबाहेरचं मशीनसाठी, कंसातलं माणसांसाठी. माझी सगळी विद्या एवढीच, आणि तिच्यावर मी इमानानं काम केलं.

माझा जन्म अंधेरीचा. साकीनाक्याकडे एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तळमजल्यावर गाळा आहे, तिथे व्हॉल्व्ह बनतात. तिथल्या हुकमांवर चालणाऱ्या सीएनसी मशीनचे प्रोग्राम रतन नावाचा एक हुशार माणूस लिहायचा. मशीन चालवायला दोन बायका. सकाळच्या शिफ्टला द्रौपदीबाई आणि दुपारच्या शिफ्टला शकु. द्रौपदीबाई माहेरच्या हिंगोलीकडच्या. लग्न होऊन विक्रोळीला आल्या, गाळ्यात धातूचा चुरा झाडायला लागल्या, आणि रतनच्या मागे लागून लागून मशीन शिकल्या. पुढे शकुला त्यांनी शिकवलं.

या दोघींची भेट व्हायची ती दारात. एक चपला काढतेय, दुसरी घालतेय. सकाळच्या शिफ्टमध्ये काय बदललं, जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, धरून ठेवणारा कुठला क्लॅम्प कुठे लावला, हे सांगायचं कधी? द्रौपदीबाई कागदावर लिहून कागद मशीनला चिकटवायच्या. कापताना टूलवर गार पाण्याची धार सोडतात, ती उडायची आणि शाई पसरून जायची. शकुला निम्मंच वाचता यायचं.

रतन म्हणाला, कागद कशाला, प्रोग्राममध्येच लिहा, कंसात लिहा. पण मशीन जुनं. त्याला इंग्रजी अक्षरांपलीकडे काही चालत नव्हतं. एक मराठी अक्षर आत गेलं की लाल दिवा लावून रुसून बसायचं. म्हणून रतननं मला घडवलं. पाठवायचं बटण दाबलं की मी कंसातलं सगळं अलगद बाजूला काढायचो आणि उरलेलं मशीनला द्यायचो. पडद्यावर मात्र बायकांचं मराठी होतं तसंच राहायचं.

मग त्यानं मला इंटरनेटवर उघडं ठेवलं. एडिटर ओपन सोर्सचा, म्हणजे त्याची आतली सगळी जुळणी कुणीही बघावी, घ्यावी, मोडली तर दुरुस्त करावी. माझंही तसंच. ज्याला हवा त्यानं न्यावा. मी एकाच वेळी बऱ्याच ठिकाणी राहू शकतो, पण जीव माझा त्या गाळ्यातच रमला.

का सांगू? त्या दोघींच्या नोटांमुळे. मला वाचता येत नाही, पण शकु मोठ्यानं वाचते, म्हणून मला कळतं. द्रौपदीबाई लिहायच्या, "शकु, जॉब गरम आहे, हात लावू नको. डब्यात थालीपीठ ठेवलंय, ते गार झालंय." खाली शकुचं उत्तर असायचं, "ताई, जॉब बरोबर आला. थालीपिठात मीठ विसरलात." असं रोज चालायचं. मशीनला यातलं काही पोचायचं नाही. माणसं एकमेकांना कामाचं सांगता सांगता किती बाकीचं सांगतात, ते मला कळायला लागलं. जिच्याबद्दल काळजी जास्त, तिच्यासाठी कंस लांब.

पुढे रतनला चाकणला नोकरी लागली. तो गेला. माझ्याकडे बघणारं कुणी राहिलं नाही, पण मला काही लागतही नव्हतं. रंग द्यायचे, कंस काढायचे. मी म्हातारा झालो तरी काम तेच होतं.

एक दिवस एडिटरची नवी आवृत्ती आली. पडद्यावर चौकोन यायचा, अपडेट करा, अपडेट करा. गाळ्याचे मालक मुकुलशेठ. त्यांच्या वडिलांनी, मधुकररावांनी, हा गाळा उभा केला, आता ते सांभाळतात. रोज तो चौकोन बघून कंटाळले आणि एका सकाळी त्यांनी हो म्हणून टाकलं.

घर तेच, पण आतली मोजपट्टी बदलली. ते नीट सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पूर्वी मी सांगायचो, कंस इथे सुरू झाला आणि इतकी अक्षरं लांब आहे. एडिटर तितकी अक्षरं मोजायचा आणि तेवढीच काढायचा. नव्या एडिटरनं लांबी वेगळ्या पट्टीनं मोजायला घेतली. तिच्यावर इंग्रजी अक्षराला एक घर आणि मराठी अक्षराला तीन घरं. मोजायचा असा, आणि कापताना मात्र पुन्हा एकेक अक्षर धरून कापायचा. म्हणजे मराठी नोट जेवढी, तिच्या तिप्पट मजकूर कापला जायचा. नोट संपली तरी कात्री चालूच. पुढच्या मशीनच्या ओळीसुद्धा गायब.

इंग्रजीत लिहिणाऱ्याला यातलं काही जाणवणार नव्हतं.

त्या दिवशी द्रौपदीबाईंच्या मशीनमध्ये आदल्या दिवशीचाच प्रोग्राम होता, त्यामुळे सकाळ निभावली. शिफ्ट संपताना त्यांनी नव्या जॉबसाठी उजवा क्लॅम्प बदलला. जरा उंच होता. म्हणून त्यांनी शकुसाठी नेहमीपेक्षा लांब नोट लिहिली. "शकु, उजवा क्लॅम्प उंच आहे. टूल आधी वर घेतलंय, मग बाजूला नेलंय, ते बदलू नकोस. पहिला जॉब आहे, लाल बटणावर हात ठेवूनच चालव, माझ्या गळ्याची शपथ." आणि त्याच्याच पुढच्या ओळीत टूल वर उचलायचा हुकूम होता.

शकुनं नोट वाचली. हिरवा रंग कंसाबाहेर ओघळून पुढच्या ओळींवर आलेला तिला दिसला. तिला वाटलं, पडदा बिघडला. तिनं पाठवायचं बटण दाबलं.

मी बरोबर जागा सांगितली होती. हे मी आजही ठासून सांगतो. पण माझी जागा एडिटरनं आपल्या पट्टीनं मोजली, आणि टूल वर घ्यायची ओळ, तिच्यामागच्या काही ओळींसकट, कापली गेली. टूल खालूनच बाजूला निघालं आणि क्लॅम्पवर आदळलं. आवाज असा झाला की शेजारच्या गाळ्यातली माणसं धावत आली. शकुचा हात लाल बटणावर होता, म्हणून मशीन तिथल्या तिथे थांबलं. टूलचा तुकडा उडाला तो पत्र्याला लागला. कुणाला काही झालं नाही.

मुकुलशेठ वाईट माणूस नाहीत. पण मशीन उघडून तपासावं लागलं, माल अडकला, गिऱ्हाइकाचे फोन यायला लागले. त्यांनी मशीनकडे गेलेला प्रोग्राम काढून बघितला तर टूल वर घ्यायची ओळ नाही. पडद्यावर बघितलं तर आहे. त्यांना काही उमजेना. उमजलं एवढंच की गडबड त्या मराठी नोटांपाशी होतेय. त्यांनी सांगितलं, आजपासून कंसात काही लिहायचं नाही. लिहायचंच तर इंग्रजीत. आणि ज्यांना इंग्रजी जमत नाही त्यांनी सध्या मशीनवर राहू नये. "मावशी, तुम्ही काही दिवस पॅकिंगला जा," ते द्रौपदीबाईंना म्हणाले. असल्या काही दिवसांना शेवट नसतो, हे गाळ्यातल्या सगळ्यांना माहीत होतं. शकुला चार शब्द इंग्रजीतले वाचता यायचे म्हणून ती राहिली.

द्रौपदीबाई विक्रोळीत कन्नमवार नगरला राहतात. घरी सून आहे, संघमित्रा. मुलुंडला एका कंपनीत ती दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम करते. सासूला दोनचार दिवस गप्प बघून तिनं विचारलं.

"आई, मशीन तुम्ही मोडलंत का?"

"नाही."

"मग पॅकिंगला का बसलात?"

"बसले कुठे? उभी असते. तिथे खुर्ची नाही."

संघमित्रानं त्या रविवारी मला आपल्या लॅपटॉपवर आणलं. नवा एडिटर, तोच मी. तिनं प्रोग्राम उघडला, कंसात नोट लिहिली, बटण दाबलं. सगळं नीट निघालं. पुन्हा केलं. पुन्हा नीट. "आई, इथे तर झकास चालतंय. तुमच्या गाळ्यातल्या कॉम्प्युटरचीच वाट लागली असेल," ती म्हणाली.

मी आत तळमळत होतो. कारण तिनं नोट लिहिली होती ती फोनवर लिहिते तशी. शब्द मराठी, अक्षरं इंग्रजी. तिच्या वयाची सगळी माणसं तसंच लिहितात आणि त्यालाच मराठी म्हणतात. मोजपट्टीला त्यात अडचण यायचं कारणच नव्हतं.

द्रौपदीबाईंनी चष्मा लावला आणि पडद्यावर वाकल्या.

"हे काय लिहिलंयस गं?"

"मराठीच आहे की. इथे थांब, क्लॅम्प बघ."

"मला वाचता येईना."

संघमित्रानं लॅपटॉप त्यांच्याकडे सरकवला आणि कळपट्टी मराठीवर केली. द्रौपदीबाईंनी एका बोटानं, कळ शोधत शोधत, आपली नेहमीची नोट लिहिली. आणि हिरवा रंग कंसातून बाहेर पडून खालच्या ओळींवर पसरला. संघमित्रानं नोट अर्धी केली, हिरवा मागे आला. पुन्हा लांब केली, तो पुढे सरकला. मग ती म्हणाली, "आई, तुम्ही जितकं समजावून सांगता, तितकं हे जास्त खातं."

तिनं एडिटरच्या राखणदारांना लिहिलं. ते जगभर पसरलेले लोक, कुणी पगारी नाही, फावल्या वेळात एडिटर सांभाळणारे. त्यांचं उत्तर आलं ते तिनं सासूला मराठीत सांगितलं. उत्तर सभ्य होतं. नोटा इंग्रजीत लिहिण्याची सगळीकडे पद्धत आहे, तुम्हीही तसं करावं. शिवाय या प्लगिनला कुणी वाली नाही आणि नव्या आवृत्तीत तो नीट चालत नाही, तर महिनाअखेर आम्ही तो यादीतून काढतो आहोत.

द्रौपदीबाई भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "त्यांना विचार, शकुला मशीनवर सांगायला ते येणार आहेत का."

संघमित्रानं दोन ओळींत परत लिहिलं. आजपासून वाली मी आहे. आणि बिघाड प्लगिनमध्ये नाही, तुमच्या मोजण्यात आहे.

मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही. मला कुणी तरी आपलं म्हटलं, याचं सुख होतंच. पण माझ्या बाजूनं पहिल्यांदा कुणी तरी खरं बोललं.

राखणदारांतल्या एकानं सोपी वाट सुचवली. मराठी नोट दिसली की प्लगिननं तिची अक्षरं आपोआप इंग्रजी करून टाकावीत. मोजायची भानगड नको, अपघात नको. कामाचा माणूस होता, मनात खोट नव्हती. संघमित्रानं ते करूनही बघितलं. चोख चाललं. तिनं सासूला दाखवलं. द्रौपदीबाईंनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "म्हणजे लिहायचं मी, आणि वाचायचं कुणी?"

ती वाट तिनं पुसून टाकली. मी मनात म्हटलं, पुसलीस ते बरं केलंस पोरी. मी अडाणी असेन, पण कुणाची अक्षरं पळवून दुसऱ्याची अक्षरं त्या जागी ठेवायचं काम मी करणार नव्हतो.

मग तिनं एडिटरच उघडला. ओपन सोर्स म्हटलं तर दार उघडं असलं पाहिजे, आणि ते होतं. ऑफिसातून आल्यावर, कधी जेवणाआधी, कधी कुकरची शिट्टी होईपर्यंत, ती त्या जंगलात शिरायची. काही बदलायची, एडिटर उठायचाच नाही. बदललेलं मागे घ्यायची. एकदा माझे सगळे रंगच गेले, मी कोरा पडलो. वैतागून तिनं लॅपटॉप मिटला, चहा प्याली आणि पुन्हा उघडला. शेवटी ती जागा सापडली. एका ठिकाणी मोजायचं एका पट्टीनं, आणि दुसऱ्या ठिकाणी कापायचं दुसरीनं. तिनं दोन्ही ठिकाणी एकच पट्टी ठेवली. दुरुस्ती अगदी थोडी होती. पुन्हा असं होऊ नये म्हणून तपासणीसाठी तिनं द्रौपदीबाईंच्या खऱ्या नोटाच त्यात घातल्या, थालीपिठासकट.

सगळं गुंडाळून तिनं राखणदारांकडे पाठवलं.

उत्तर नाही. आठवडा गेला, उत्तर नाही. खाली दुसऱ्या कुठल्या देशातल्या माणसानं एवढंच लिहिलं, आमच्याही लिपीत हेच होतंय. महिनाअखेर झाली आणि यादीतून माझं नाव काढलं. आता तुम्ही एडिटरमध्ये मला शोधलंत तर सापडणार नाही.

काढलं म्हणजे मेलो, असं कुणी समजू नये.

संघमित्रानं दुरुस्त केलेल्या एडिटरची स्वतःची प्रत बांधली, मला त्यात बसवलं आणि रजा टाकून सासूबरोबर गाळ्यात आली. मुकुलशेठनी ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"त्यांनीच काढून टाकलेलं मी माझ्या मशीनला लावू?"

"त्यांनी काढलं म्हणून ते चुकीचं होत नाही, सर. जॉब काढून ठेवा, टूल हवेत उंच धरा आणि चालवून बघा. मशीनकडे काय जातंय ते तुम्ही आपल्या डोळ्यांनी तपासा. एक ओळ जरी हरवली तर मी हे उचलून घेऊन जाते."

मुकुलशेठ म्हणाले, ठीक आहे. शिफ्ट बदलायची वेळ होती, त्यामुळे शकुही होती. टूल हवेत वर घेतलं. लिहायला द्रौपदीबाई बसल्या. कितीतरी दिवसांनी त्या खुर्चीवर. संघमित्रा म्हणाली, आई, जेवढी लांब लिहिता येईल तेवढी लिहा.

एका बोटानं त्या लिहीत गेल्या आणि शकु मागे उभी राहून मोठ्यानं वाचत गेली. "शकु, मी पॅकिंगला उभी राहिले, पाय दुखले, पण खोक्यावर चिठ्ठी लिहून कुणाला पाठवणार? मुकुलशेठ बाजूला उभे आहेत, बघू दे त्यांना. टूल आधी वर जाईल, मग बाजूला जाईल. यापुढेही मी मराठीतच लिहिणार. कंस कमी पडला तर अजून लांब करीन, पण तू मात्र पूर्ण वाचत जा." वाचता वाचता शकुला हसू आवरेना. मुकुलशेठ छताकडे बघत होते.

कंस मिटला. हिरवा रंग कंसाच्या शेवटी येऊन थांबला. तिथेच. एक अक्षर पुढे नाही.

बटण दाबलं गेलं. मी नोट उचलली. इतकं लांब मी आजवर कधी उचललं नव्हतं. पुढच्या ओळीला माझा धक्का लागला नाही. मुकुलशेठनी मशीनकडे गेलेला प्रोग्राम ओळीओळीनं बोट लावून बघितला. वर घ्यायची ओळ जागेवर होती. मशीन सुरू झालं. टूल वर गेलं, आणि मग बाजूला सरकलं.

"मावशी, उद्यापासून सकाळी मशीनवर या," मुकुलशेठ म्हणाले. दारापर्यंत गेले आणि वळले. "पण नोटा जरा लहान लिहा."

"नाही," द्रौपदीबाई म्हणाल्या. "मी लांब लिहिते म्हणून शकुचा हात त्या बटणावर होता."

मुकुलशेठ आपल्या केबिनमध्ये गेले.

तर असा मी. यादीत नाही, पण कामावर आहे. संघमित्राची दुरुस्ती राखणदारांच्या टेबलावर अजून पडून आहे. घेतील तर बरं, त्या दुसऱ्या देशातल्या माणसाचंही भलं होईल. नाही घेतली तर एडिटरची प्रत्येक नवी आवृत्ती आली की ही बाई पुन्हा ऑफिसातून येऊन पुन्हा जोडणार. मी पुन्हा मोडेन. त्याची मला भीती उरलेली नाही.

तुमच्याकडून मला काही नको. एवढंच करा. तुमच्या अक्षरांनी बिघाड होतो असं कुणी सांगितलं, तर लगेच अक्षरं बदलायला धावू नका. समोरच्याला आधी मोजपट्टी दाखवायला सांगा. थोडा उशीर होईल. होऊ दे. मी स्वतः हळू आहे, उशिरानं कुणी मेलेलं मी पाहिलेलं नाही, घाईनं टूल मोडलेलं पाहिलंय.

आता मला रजा द्या. सकाळची शिफ्ट संपत आलीय. द्रौपदीबाईंनी कंस उघडलाय आणि एका बोटानं लिहायला सुरुवात केलीय. आज बरंच सांगायचं दिसतंय. त्या कंस मिटेपर्यंत मी इथून हलणार नाही.